त्साब भावांची सामाईक टाकी

मेक्सिकोतल्या मेरिदात आमच्या गल्लीच्या टोकाला त्साब भावांचं घर आहे. म्हातारे त्साब गेल्यावर मुलांनी घराच्या मधोमध भिंत घातली. डावीकडे थोरला विल्बेर्थ, उजवीकडे धाकटा एल्मेर. खोल्या वाटल्या, मागचं अंगण वाटलं, पण गच्चीवरची पाण्याची टाकी काही वाटता येईना. ती सामाईक राहिली. तिच्यातून दोन लोखंडी पाइप निघत, एक इकडच्या न्हाणीघरात, एक तिकडच्या, आणि प्रत्येकाला गच्चीवरच एकेक कॉक. भांडणाला एवढं पुरे होतं.

मी समोरच्या घरात राहते. माझं शिवणाचं मशीन खिडकीपाशी आहे, त्यामुळे जे दिसलं ते मी सांगते, आणि जे दिसलं नाही ते मला दोघी जावांनी हसत हसत सांगितलं आहे.

त्या वर्षी मे महिना असा तापला की माणसं दिवसातून तीनदा अंघोळ करूनही चिकचिकत होती. नेमका तेव्हाच विल्बेर्थचा शॉवर आटला. अंगावर धार पडायची ती सुतळीएवढी, तीही भिंतीकडे तिरकी. विल्बेर्थ नगरपालिकेच्या बँडमध्ये ट्रोम्बोन वाजवायचा. फुप्फुसं भरभक्कम. न्हाणीघरातूनच त्याने आरोळी ठोकली, "लांडी! त्या चोराने आपला कॉक पिळला!"

चोर म्हणजे भाऊ.

लांडी, त्याची बायको, स्वयंपाकघरात बीन्स निवडत होती. ती म्हणाली, "अहो, कॉक कसला? क्षार धरलेत. किटलीत बघा कसा पांढरा थर बसलाय. आपल्या पायाखाली सगळी चुनखडी, पाणी तसलंच येणार."

"किटलीचं किटलीपाशी ठेव. हे त्साबांच्या घरातलं प्रकरण आहे, त्यात तू पडू नकोस."

लांडी म्हणाली, "बरं." आणि तिने ते अक्षरशः पाळायचं ठरवलं.

भिंतीपलीकडे एल्मेरची धारही सुतळीएवढीच झाली होती आणि त्याच्याही मते कॉक भावानेच पिळला होता. त्याची बायको नेल्सी क्षाराचं बोलली तर तोही म्हणाला, "तुला दादा माहीत नाही. लहानपणी माझ्या पतंगाची दोरी कापणारा माणूस आहे तो."

एल्मेर पाट्या रंगवायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी लोक पाव आणायला निघाले तर घराच्या दर्शनी भिंतीवर ठसठशीत निळ्या अक्षरांत लिहिलेलं: 'पाणीचोर येथे राहतो', आणि खाली डावीकडे दाखवणारा सुरेख बाण. अक्षरं इतकी देखणी की पाववाला थांबून म्हणाला, माझ्या दुकानाचीही करून द्या. विल्बेर्थने उत्तर दिलं ते दुपारी, सगळी गल्ली पंखे लावून दोरीच्या झोपाळ्यांत पडलेली असताना. मधल्या भिंतीला ट्रोम्बोन टेकवून त्याने मिरवणुकीचं एक आख्खं कूचगीत वाजवलं. माझी सुई बोटात गेली.

पुरुष असे लढत असताना जावा मात्र मागच्या अंगणात, भिंतीच्या खिंडारापाशी रोज भेटत. एकदा लांडीने डुकराचं मांस मुरवायला नारिंगं पिळली. रस उरला. तिने सहज शॉवरची जाळी फिरवून काढली आणि त्या आंबट रसात टाकली. रस फसफसला, बुडबुडे आले, आणि संध्याकाळी जाळीतून पांढरे खपले सुटून तळाशी बसले. तिने ती घासून परत लावली.

विल्बेर्थ अंघोळीला गेला. अंगावर चांगली सरसरून धार पडली. त्याने गायला सुरुवात केली.

भिंतीपलीकडे एल्मेर आपल्या सुतळीखाली उभा होता. तो तसाच ओलेत्याने बाहेर आला. "ऐकलंस? गातोय तो! माझ्या पाण्यात गातोय!"

नेल्सीने तोंडात पदर कोंबावा तसा ॲप्रन कोंबला आणि अंगणात पळाली. "जाऊबाई, काय केलंत हो?"

लांडीने सांगितलं. दोघी भिंतीला धरून हसल्या. मग नेल्सी हळूच म्हणाली, "आता माझी जाळी भिजवायची का? म्हणजे आमचे हे गातील, आणि भाऊजी…"

"अगं, आपल्याला त्यात पडायचं नाही असं सांगितलंय ना," लांडी म्हणाली, आणि नारिंगं तोडायला वळली.

त्यानंतर कुणाची जाळी भिजणार याच्या पाळ्याच लागल्या. जाळी साफ केली की थोडे दिवस धार बरी यायची, मग पाइपातून सुटलेले खपले येऊन पुन्हा अडकायचे. ज्याची धार बरी तो गायचा, दुसरा दात खायचा. एल्मेर सकाळी खुशीत आणि विल्बेर्थ धुसफुसत, की पुढल्या आठवड्यात उलट. दोन्हीकडे बातम्या न्यायचं कामही जावांनीच अंगावर घेतलं. "भाऊजी आज फार वेळ न्हात होते म्हणे," एवढं बोलायचं आणि भाकरी उलटायला वळायचं.

शेवटी एका दुपारी विल्बेर्थ पान्हा घेऊन आपल्या शिडीने गच्चीवर चढला. त्याच दुपारी एल्मेर डोक्याला साबण लावून उभा होता, धार मेली, आणि तो कमरेला टॉवेल गुंडाळून, पान्हा घेऊन आपल्या शिडीने चढला. टाकीपाशी गाठ पडली. मी मशीन थांबवलं.

"सापडलास!" एल्मेर ओरडला.

"मी सापडलो? तुझ्या हातात काय आहे, फणी?"

"तू माझा पिळतोस, मी तुझा पिळतो. बघू कोण कोरडा राहतो!"

दोघे दोन कॉकांवर तुटून पडले. विल्बेर्थ एल्मेरच्या कॉकाशी झटला, एल्मेर विल्बेर्थच्या. चेहरे लाल झाले. कॉक हलेनात. दोन्ही कॉक पांढऱ्या खपल्यांनी असे दगडासारखे बसले होते की जणू टाकीबरोबरच ओतलेले.

विल्बेर्थ धापा टाकत म्हणाला, "हा तर हलतच नाही."

"हाही नाही," एल्मेर म्हणाला. मग थांबला. "दादा, मग तू माझा पिळायचास कसा?"

"तू माझा कसा पिळायचास?"

लाज लपवायला विल्बेर्थने एक शेवटचा हिसका दिला आणि एल्मेरचा पाइप कोपऱ्यातच मोडला. पाणी उसळेल म्हणून दोघे मागे सरले. उसळलं नाही. एखाद्या म्हाताऱ्याने थुंकावं तसं जरासं आलं. एल्मेरने तुकडा उचलून उन्हात धरला. आत लोखंड दिसतच नव्हतं. नुसता पांढरा दगड, थरावर थर, आणि मधोमध वाटाणाही अडकेल एवढं भोक.

"क्षार," विल्बेर्थ म्हणाला.

"नेल्सी बोलली होती."

"लांडीही बोलली होती."

एल्मेरने कमरेचा टॉवेल सोडला, त्याचा बोळा पाइपात कोंबला आणि ओल्या चड्डीवर उभा राहिला. तेवढ्यात खालून हसू आलं. दोघांनी कठड्यावरून डोकावलं. अंगणात एकाच पातेल्यात नारिंगाचा रस, त्यात शॉवरची जाळी बुडालेली, आणि नेल्सी विचारत होती, "जाऊबाई, या खेपेला कुणाला गायला लावायचं?"

भाऊ खाली बसले. मग विल्बेर्थचे खांदे हलू लागले. एल्मेरला वाटलं दादा रडतोय, म्हणून त्याने पाठीवर हात ठेवला, तर दादा हसत होता.

"कळलंय असं दाखवायचं नाही," विल्बेर्थ म्हणाला.

पाइपाला रबरी नळी बांधून ते खाली उतरले आणि त्या दिवसापासून त्यांचं भांडण फारच वाढलं. जेवताना विल्बेर्थ घास बाजूला ठेवून म्हणे, "मी त्याला कोर्टात खेचणार." एल्मेर सुस्कारे टाकी, "माझं रक्त आटतंय, नेल्सी." जावांना आता अपराधी वाटू लागलं. गंमत हाताबाहेर गेली की काय! नवऱ्यांची मनं शांत करायला दोघींनी चूल पेटती ठेवली. डुकराचं मांस घातलेले काळे बीन्स एरवी सोमवारीच शिजत, ते आता मधल्या वारीही शिजले. काळ्या मसाल्यातली टर्की झाली. विल्बेर्थची पँट घट्ट झाली, ती सैल करायला माझ्याकडे आली.

आणि रोज दुपारी दोघे "सोक्षमोक्ष लावायला" गच्चीवर जात. टाकीच्या सावलीत उलटी बादली, तिच्यावर फळी, फळीवर डॉमिनोच्या सोंगट्या. मला खिडकीतून सगळं दिसायचं. मी काही बोलले नाही. बोलले असते तर शेजार बिघडला असता, आणि करमणूकही गेली असती.

एके दुपारी लांडी अंगणात चादरी वाळत घालत होती, नेल्सी खिंडारापाशी उभी होती. वरून गर्जना आली, "लुटारू! बापाच्या नावाला काळिमा!" मग खट असा आवाज आला. मग एल्मेर ओरडला, "अधाशी! पाण्यावर जगणारा बेडूक!" आणि पाठोपाठ विल्बेर्थचा अगदी शांत आवाज, "पास."

लांडी थांबली. नेल्सीकडे बघितलं. "पास?"

दोघी अनवाणी शिडी चढल्या. एल्मेर सोंगटी हातात धरून ओरडत होता, "तुझं तोंड बघणार नाही!" आणि दुसऱ्या हाताने भावाला चिंचेचं सरबत ओतून देत होता.

"भाऊजी," लांडी म्हणाली, "त्यांच्या ग्लासात बर्फ कमी आहे."

सरबत फळीवर सांडलं. विल्बेर्थने उठायचा प्रयत्न केला, पण पुन्हा घट्ट झालेल्या पँटीने साथ दिली नाही.

"वहिनी, आम्ही… समेट करत होतो," एल्मेर म्हणाला.

"केव्हापासून?"

दोघे एकमेकांकडे बघू लागले. नेल्सीच्या डोळ्यांत आधी टर्कीचा राग आला. "मी सबंध दिवस मिरच्या भाजल्या! नाक चोंदलं माझं!"

"आणि पातेल्यात आमच्या जाळ्या कोण भिजवत होतं?" विल्बेर्थ म्हणाला.

आता जावा एकमेकींकडे बघू लागल्या. मग सगळ्यात आधी नेल्सीच फुटली. ती टाकीला टेकून इतकी हसली की तिला उचकी लागली, आणि विल्बेर्थने आपलं सरबत तिच्यापुढे धरलं.

दंड मात्र ठरला, आणि तो पुरुषांनाच झाला. येत्या रविवारी दोन्ही पाइप काढायचे, प्लॅस्टिकचे घालायचे, टाकी आतून खरवडायची. प्लंबर नाही, तुम्हीच. दोघे भल्या सकाळी टाकीत उतरले. दुपारपर्यंत केस, भुवया, कान सगळं चुन्याने पांढरं. रस्त्यावरून जाणाऱ्या पाववाल्याने त्यांना भुतं समजून छातीवर क्रूसाची खूण केली. शेवटचा सांधा बसला, टाकी भरली, आणि भाऊ एकमेकांना टाळी देऊन अंघोळीला खाली धावले.

दोन्ही न्हाणीघरांना आतून कड्या होत्या. आतून पाण्याचा असा धबधबा ऐकू येत होता की भिंत हादरावी. डावीकडे लांडी गात होती, उजवीकडे नेल्सी तिला साथ देत होती. भाऊ दारं ठोकत राहिले.

"वहिनी, टाकी रिकामी होईल हो!"

"होऊ दे, भाऊजी," आतून लांडीचा आवाज आला. "आता केस धुवायला घेतलेत."