मशीन सांगणं

गुरुवारी बाबा चष्मा घरी विसरले, म्हणून मी अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांच्या कंपनीत गेले.

मी दोन दिवसांसाठी पुण्याहून घरी आले होते. आई म्हणाली, चष्म्याशिवाय त्यांना माप वाचता यायचं नाही, देऊन ये. द्वारकेच्या चौकात नेहमीसारखी गर्दीत अडकले आणि कंपनीपाशी पोचेपर्यंत अडीच वाजले. मला जायचंच होतं म्हणा. बाबांना एक गोष्ट सांगायची होती आणि घरी आईसमोर ती तोंडातून निघत नव्हती.

चार महिन्यांपूर्वी बाबांच्या कंपनीने कामाची पद्धत बदलायला घेतली. त्यासाठी सल्ला मागवला तो आमच्या ऑफिसकडून. माझे दोन सहकारी शॉपवर, म्हणजे प्रत्यक्ष मशीनांमध्ये, आठवडाभर हिंडून टिपणं घेऊन आले आणि अहवाल मी लिहिला. माझे वडील तिथे ग्राइंडिंग मशीनवर आहेत, हे मी ऑफिसात कुणाला सांगितलं नाही. ‘दोन शिफ्टमधली दहा मिनिटं अनुत्पादक आहेत, ती काढून नोंदी टॅबलेटवर घ्याव्यात,’ हे वाक्य माझं. शेवटी एक तक्ता होता, ‘बदलाला विरोध करणारे’. त्यात नावं नव्हती, नुसते कामगारांचे तिकीट नंबर. पहिलाच नंबर ११७४. मी शाळेत होते तेव्हापासून हा नंबर आमच्या घरी बाबांच्या डब्याच्या झाकणावर कोरलेला आहे. मी तो तक्त्यात तसाच राहू दिला.

त्या दहा मिनिटांना शॉपवर ‘मशीन सांगणं’ म्हणत. सुटणारा माणूस येणाऱ्याला मशीनजवळ उभं करून आज ती कशी वागली ते सांगायचा. कुठे आवाज बदलला, कशाने माप सरकलं, काय केल्यावर ऐकलं. हे टॅबलेटवर भरा, असं माझ्या सहकाऱ्याने सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले होते, ‘‘साहेब, टॅबलेटला ऐकू येत नाय.’’ टिपणात ते वाक्य होतं. मी ऑफिसात वाचून हसलेही होते, आणि नंबर तक्त्यात ठेवला होता.

त्या गुरुवारी मी पाहिलं ते असं. कंपनीच्या जाळीच्या कुंपणाला लागून आतल्या बाजूला बाबा उभे, बाहेरच्या बाजूला निसारचाचा. निसारचाचा दुसऱ्या शिफ्टला त्याच मशीनवर असतात, वीस वर्षं झाली. त्यांची शिफ्ट तीनला, पण ते अर्धा तास आधी आलेले. बाबांची चहाची सुट्टी होती. टपरीवरचा अर्धा चहा जाळीखालून आत सरकवलेला. त्या कुंपणापाशी अशा आणखी चार-पाच जोड्या होत्या. मी काढलेली दहा मिनिटं या लोकांनी स्वतःच्या वेळातून परत काढली होती.

‘‘छपराचा पत्रा तापला की दोन मायक्रॉन वर जाती,’’ बाबा सांगत होते. ‘‘घाई करू नको तिला. पाण्याचा नळ जरा डावीकडं ठेव.’’

‘‘तुमच्या हातात नीट चालते, माझ्यावर फुगते,’’ निसारचाचा म्हणाले.

‘‘तू बोलत नाय ना तिच्याशी. नुसता दाबत बसतो.’’

मग बाबांनी मला पाहिलं. चष्मा घेतला, रुमालाने पुसला, लावला आणि निसारचाचांना म्हणाले, ‘‘ही आमची सरू. मोठमोठ्या कंपन्या सुधारती.’’

निसारचाचांनी मला आपल्या वाटणीतला चहा दिला. आता सांगावं, असं वाटलं. बाबा, तुमची कंपनीपण मीच सुधारली. पण बाबांचा चेहरा इतका खुलला होता की मी चहा पीत राहिले. संध्याकाळी सांगू म्हटलं. संध्याकाळी ते भाजी निवडायला बसले, आईशी मेथीच्या देठांवरून वाद घालत. तेव्हाही नाही सांगितलं.

शुक्रवारी सकाळी बूट घालताना बाबा खुर्चीतच कलंडले. दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी फार वेळ लावला नाही.

बदलाला माणसं विरोध का करतात, यावर मी कपाटभर वाचलं आहे. त्या दिवसांत त्यातलं काही आठवलं नाही. आठवत राहिली ती मेथी.

दहाव्यानंतर दोन दिवसांनी निसारचाचा घरी आले. सोबत एक जाड लिफाफा होता. आईने पाणी दिलं. बराच वेळ ते बाबांबद्दलच बोलले, की हिरामणभाऊ आजारी पडले तरी फोनवर मशीन सांगायचे, एकदा घोटीला लग्नात जेवता जेवता सांगितली होती. आई हसली. बारा दिवसांत पहिल्यांदा.

मग ते कामाचं बोलले. बाबांच्या जागी योगेशला दुसऱ्या लाइनवरून आणलं होतं. माणूस चांगला, पण या मशीनला नवा, चहाच्या सुट्टीत जाळीतून त्याला ती सगळी सांगून होत नव्हती, आणि आठवड्यात माल दोनदा परत आला होता. आता सगळ्यांनी मिळून अर्ज करायचा ठरवलं होतं, ती दहा मिनिटं परत द्या म्हणून.

‘‘आम्हाला लिहिता येत नाही त्यांच्या भाषेत,’’ ते म्हणाले. ‘‘तू शिकलेली. बघ, त्यांनी काय लिहिलंय ते. युनियनच्या एका मेंबरने मिळवलं. हे ज्याने लिहिलं त्याला बिचाऱ्याला मशीन म्हणजे काय माहीत नसणार. तू त्याला नीट समजावून लिही.’’

त्यांनी अहवाल माझ्या मांडीवर ठेवला. तक्त्याचं पान दुमडलेलं होतं.

अर्ज मी उत्तम लिहिला असता. माझ्याच वाक्यांना मी एकेक करून उत्तर दिलं असतं, वर निसारचाचांनी दुवा दिली असती, आणि कुणाला कधी कळलं नसतं. आई चहा ठेवू का विचारत होती. मी तिला म्हटलं, तूपण बस जरा.

‘‘निसारचाचा, अर्ज मी लिहिते. उद्या ऑफिसातही कळवते,’’ मी म्हणाले. ‘‘पण हा अहवाल मीच लिहिलाय. आणि हा पहिला नंबर बाबांचा आहे, हे मला लिहिताना माहीत होतं.’’