पिटू दिसेनाशी कशी झाली

मी एक जुना मोबाईल आहे. काचेच्या कोपऱ्यात तडा गेलाय, पाठीवरचं रबरी कव्हर सैल झालंय, आणि बॅटरी दुपारपर्यंत कशीबशी तग धरते. मित्रांनो, आधीच सांगून ठेवतो, रडगाणं नको असेल तर पुढे जा. तसंही पुढे सरकवायची सवय तुम्हा सगळ्यांना आहेच. माझी गोष्ट त्याच सवयीची आहे.

माझा जन्म एका लांबलचक हॉलमध्ये झाला. टोप्या घातलेल्या बायका ओळीने बसलेल्या. एकीने बॅटरी बसवली, दुसरीने काच दाबली, तिसरीने फडकं मारलं, आणि मी पुढे सरकलो. दुसऱ्यांदा कुणी माझ्याकडे बघितलं नाही. मग डबा, अंधार, दुकान. तिथून मला आत्याने घेतलं. ती माझी आत्या नाही, पिटूची. पिटू कोण ते येतंच पुढे. आत्या एका दवाखान्यात पेशंटची नावं पुकारायचं काम करायची. मला हातात धरून ती मैत्रिणींना सांगायची, "काय फोटो काढतो गं हा, सुरकुत्याच दिसत नाहीत." ते माझे लाडाचे दिवस. मग तिने नवा घेतला आणि मला भावाच्या दुकानात आणून दिलं. म्हणाली, "दादा, ठेव हा. अजून चालतो." त्या 'अजून'चा मला फार राग आला होता.

दुकान जिन्याखालचं, बॅगा दुरुस्त करायचं. रेक्झीनचा आणि चिकटवायच्या सोल्युशनचा वास भिंतीत मुरलेला. तुटलेल्या चेनचे रनर एका डब्यात, पट्टे खिळ्याला. एकच लांब बाक, त्याच्या एका टोकाला पिटूचे बाबा हाताने टाके घालायचे, दुसऱ्या टोकाला पिटूची आई मशीनवर. मी मधोमध, दोऱ्याच्या डब्याला टेकून. दोघांत मिळून एकच मोबाईल, तो मी.

पिटू म्हणजे त्यांची मुलगी. मी तिथे आलो तेव्हा ती नुकतीच भांडून गेली होती. तिला नव्या पिशव्या शिवायच्या होत्या, स्वतःच्या डोक्याने. बाबा म्हणाले, "हे दुरुस्तीचं दुकान आहे. लोक फाटकं घेऊन येतात इथे." ती म्हणाली, "मग बसा फाटकं शिवत." आणि गेली दुसऱ्या शहरात. बाबांनी माझ्यातला तिचा नंबर पुसून टाकला आणि आईला बजावलं, "तिचा विषय या बाकावर नको." सुरुवातीला तिचे फोन यायचे. बाबा उचलायचे, दोन्हीकडे नुसता श्वास ऐकू यायचा, मग कट. पुढे तेही बंद झाले.

पण पिटू माझ्यात यायची, व्हिडिओतून. 'पिटूच्या पिशव्या' असं पान काढलं होतं तिने. पिशवी शिवून झाली की ती आधी उलटी करून दाखवायची, आतली शिवण. कोण बघतं हो आतली शिवण? आईने शिकवलेलं ते. माल आतून बघायचा, बाहेरून कुणीही फसवतं. पिटू पिशवी उलटी करायची आणि हळूच म्हणायची, "आई, बघ."

आणि आई काय करायची? बाबा शेजारी. पिटूचा चेहरा आला की आईचा अंगठा सटकन वर सरकायचा. पिटू गायब. आईला वाटायचं, जाते कुठे, आहेच की इथे, हे चहा प्यायला गेले की निवांत बघू. बाबा चहाला गेले की ती मला घ्यायची आणि वर-खाली शोधत बसायची. पिटू नसायची. शोधायची जागा वेगळी असते, तिथे नाव लिहायचं असतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तिला एकच विद्या येत होती, अंगठा वर.

आता नीट ऐका. माझ्या आत कुणी माणूस बसलेलं नाही. मी काच आहे. अंगठा कुठे थांबला, किती थांबला, कुठून पळाला, एवढंच मला कळतं आणि तेवढं मी लांब कुठेतरी असलेल्या मोठ्या यंत्रांना कळवतो. ती ठरवतात पुढे काय दाखवायचं. लोक त्याला अल्गोरिदम म्हणतात आणि भूत असल्यासारखं बोलतात. कसलं भूत? त्याला साधं एवढं कळत नाही की माणूस नको म्हणूनही नजर वळवतो आणि फार हवं म्हणूनही. त्याने लिहून घेतलं, हिला ही मुलगी आवडत नाही.

त्यात भर म्हणजे बाबा. आई बॉबिन भरायला मागे वळली की बाबा मला उचलायचे. पिटू आली की त्यांचा हात थांबायचा, तोंडातला दोरा तसाच राहायचा. तेवढ्यात मशीनचा आवाज आला की सटकन अंगठा वर. दोघंही एकाच मुलीला एकमेकांपासून लपवून ढकलत होते. मला दोन्ही अंगठे ओळखीचे, एक सुईने टोचलेला, एक सोल्युशनने खरखरीत. पण ओरडून सांगायला मला तोंड कुठाय? स्पीकर आहे, तोही दुसऱ्यांचं बोलायला.

दोघं एकत्र बघायचे ते एकच. कुणीतरी चिखलाने माखलेला गालिचा पाण्याच्या फवाऱ्याने धुतोय, आणि खालून लाल-निळी नक्षी वर येतेय. आई म्हणायची, "अहो, बघा, फुलं होती त्याच्यावर." बाबा म्हणायचे, "कड उसवलीय. धुवून काय उपयोग?" दिवसभरात त्यांचं एवढंच बोलणं. तिथे अंगठा थांबायचा. मग काय, एक गालिचा संपला की दुसरा. पिटू कमी होत गेली आणि एक दिवस आलीच नाही. आईने धसका घेतला. मनाशी पुटपुटायची, "मला काढून टाकलं पोरीने. तोंड उघडलं नाही ना मी तेव्हा." माझी काच पदराने पुसायची आणि परत ठेवायची. माणसं दिवसभर माझ्याकडे बघतात, पण मित्रांनो, मला कुणी बघत नाही. माझ्यातून पलीकडे बघतात. आणि पलीकडे त्यांना हवं ते माणूस नसलं की आम्ही दोघंही एकटेच.

मग एका सकाळी आत्या पट्टा तुटलेली पर्स घेऊन आली.

"वहिनी, अजून इथेच? आज पोरीच्या दुकानाचं उद्घाटन ना? संध्याकाळी."

मशीन थांबलं. "कुणाच्या दुकानाचं?"

"पिटूच्या. आठवडाभर ओरडून सांगतेय ती. आईबाबा आल्याशिवाय शटर वर करणार नाही म्हणतेय."

बाबा खाली बघून टाके घालत राहिले. आई म्हणाली, "वन्सं, मला नाही सांगितलं तिने. मला तिने काढून टाकलंय."

"कुणी सांगितलं?"

"दिसतच नाही ती."

आत्याने मला उचललं. गालिचा, गालिचा, गालिचा. "हे काय गं? लॉन्ड्री काढताय का दोघं?" तिने वर नाव लिहिलं, आणि पिटूचं सगळं पान उघडलं. पिशव्याच पिशव्या, सगळ्या उलट्या केलेल्या. "आई, बघ." "आई, ही बघ." शेवटी रिकाम्या दुकानात उभी पिटू, मागे बंद शटर.

"रोज हाक मारतेय पोरगी," आत्या म्हणाली, "आणि तुम्ही गालिचे बघताय. अगं, जे आपण ढकलतो ते हा दाखवायचं बंद करतो. कुणी ढकललं हिला?"

आई म्हणाली, "मीच. हे शेजारी असायचे."

बाबांनी सुईत दोरा ओवायचा प्रयत्न केला, जमला नाही.

"मी पण," ते म्हणाले.

आईने त्यांच्याकडे बघितलं. मग मला दोघांच्या मधे, उघड्यावर ठेवलं आणि व्हिडिओ लावला. अंगठा हलला नाही. पिटूने पिशवी उलटी केली. बाबा वाकून बघत म्हणाले, "पट्ट्याला एकच शिवण मारलीय. ओझ्याने उसवेल."

"मग हे मोबाईलला सांगून काय होणार?" आई म्हणाली.

बाबा उठले. जाड सुई आणि मेणाचा दोरा त्यांनी खिशात टाकला. आत्या म्हणाली, "दादा, दुपारची बस मिळेल, पळा. माझी पर्स राहू दे." आईने मशीनवर कापड टाकलं. शटर अर्ध्यावर आलं, वाकून एकेक जण बाहेर पडलं, आणि शटर पूर्ण खाली आलं.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. मला फडक्याने पुसा, उन्हात ठेवू नका, ते ठीक आहे. पण मला तुमचं मन कळतं असं समजू नका. ज्याची आठवण येते त्याचं नाव लिहून शोधा. फोन लावा. नाहीतर सरळ उठून जा.

ते गेले. घाईत मला कुणी घेतलंच नाही. बाकावर, बंद दुकानात, मी बॅटरी संपेपर्यंत जागा होतो. पिटूचा व्हिडिओ संपला आणि माझ्यावर आपोआप एक गालिचा धुतला जाऊ लागला, मग दुसरा. बघायला कुणी नव्हतं. तिकडे त्या संध्याकाळी काय झालं ते मला माहीत नाही. ते माझ्यातून झालं नाही.