दोन गिटारी आणि एक कान

बेंगळुरातल्या सर्जापूर रोडवरची आयटीवाली माणसं गिटार घेतात ती वाजवायला नाही, तुलना करायला. चौदा वर्षं मी हे बघतोय. एकाकडं चार लाखांची, दुसऱ्याकडं तीस हजारांची. दोघंही रविवारी अर्धा तास तेच चार कॉर्ड वाजवतात, तेही चुकत, आणि मग दीड तास कुणाचा आवाज जास्त ‘वॉर्म’ यावर बोलतात. ताप मोजायला थर्मामीटर देऊ का, असं मी एकदा विचारलं होतं, तर हसले. मी काहीही बोललो तरी ते हसतात. पीण्याच्या कारखान्यांच्या वस्तीतला खडूस म्हातारा त्यांना आवडतो, परत जाऊन चार जणांना सांगता येतं.

माझं नाव सुधींद्र. आमचं घराणं शहाजीराजांच्या काळापासून बेंगळुरात आहे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर कन्नड. पीण्याच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसशेजारी उभा होतो. कारखाना बंद पडला तेव्हा त्याच गल्लीत गाळा घेऊन गिटारी दुरुस्त करायला लागलो. कानस चालवता येत होती, केसाएवढा फरक डोळ्याला कळत होता. पण माझं नाव झालं ते कानामुळं. गिटार आली की मी ती पालथी धरायचो, मधल्या बोटानं पाठीवर टकटक करायचो, मान कलती करून ऐकायचो आणि सांगायचो. हिचा आतला जोड सुटलाय. हिला ओल लागलीय. हिला आवाज आहे, हिला नाही. तेवढ्यासाठी लोक महादेवपुऱ्याहून दोन तास ट्रॅफिकमध्ये सडत यायचे.

तो कान तीन वर्षांपूर्वी गेला.

ठार बहिरा नाही झालो. डॉक्टरनं कागदावर रेघ दाखवली. बरीचशी सरळ जाते आणि मग गच्चीवरून पडल्यासारखी खाली येते. जाड आवाज मला सगळे येतात. बारीक येत नाहीत. देवाची घंटा नाही, फोनची रिंग नाही, आणि तार छेडल्यावर वर जी चमक उठते, जिच्यावरून चांगली गिटार ओळखायची, तीही नाही. प्रेसशेजारी कानात साधा कापूस न घालता उभं राहण्याची ती मिजास होती, तिचा दंड आता भरतोय. डॉक्टरनं यंत्र दिलं. ते डबीसकट कपाटात आहे. ज्याच्या कानावर दुकान चालतं त्यानं कानात यंत्र घालून बसायचं म्हणजे दुकान मिटलंच.

हे फक्त माझ्या बायकोला, अनुसूयाला माहीत आहे. टकटक मी अजून करतो, मानही कलती करतो. जे डोळ्याला आणि बोटाला कळलं ते कानाला कळलं म्हणून सांगतो, आणि सांगताना चार शिव्या घालतो. तुच्छतेनं बोललं की लोक उलट विचारत नाहीत, हे माझ्या लक्षात आलंय.

मार्च महिन्यात वीणा नावाची एक मुलगी आली. नागपूरची, कुठल्याशा कंपनीत सॉफ्टवेअर तपासायची. तिच्याकडं बत्तीस हजारांची सेमी-हॉलो होती. म्हणजे दोन्ही कुशी पोकळ, मधून लाकडाचा भरीव ठोकळा आणि पोटावर दोन वळणदार फटी. अँपच्या स्पीकरला लावली की घुंऽऽ असा आवाज यायचा. तो मला ऐकू आला, कारण तो जाडच असतो. स्वस्तातल्या या जातीच्या गिटारी मी तीसेक तरी उघडल्या असतील आणि तीसही घुमत होत्या. आतली वायर सुतळीच्या लायकीची, अर्थिंग नावाला.

मी टकटक केलं आणि म्हणालो, “हिला आवाज नाही. पाय लावून टीपॉय करा हिचा.”

ती म्हणाली, “काका, मला हीच वाजवायची आहे. फक्त ते घुमणं बंद करून द्या ना.”

करून दिलं. या गिटारला मागून झाकण नसतं. आतलं सगळं त्या फटीतून बाहेर ओढायचं, नवीन जोडायचं आणि दोरा बांधून पुन्हा आत सरकवायचं, लेंग्यात नाडी ओवतात तसं. दोन दिवस गेले. वायर बदलली, अर्थिंग नीट केलं, तारा बसतात त्या खाचा कानशीनं सारख्या केल्या. शिव्या देत केलं, पण करताना हात आखडला नाही. माझा हात मला आखडता येतच नाही, तो माझं ऐकत नाही.

पुढच्या महिन्यात तनय आला. पुण्याचा, पस्तिशीचा. त्याच्या पेटीत साडेचार लाखांची अमेरिकन सेमी-हॉलो, आतून मखमल.

“अंकल, ही प्रीमियम आहे. प्लीज ओपन नका करू, वॉरंटी व्हॉइड होईल. फक्त स्ट्रिंग्ज चेंज करा.”

“सरी, ठीक,” मी म्हणालो. “देवाला हात लावत नाही. नुसता हार बदलतो.”

तारा बदलल्या, अँपला लावलीसुद्धा नाही. जाता जाता त्याला सांगितलं की हिचं पोट आणि वीणा नावाच्या मुलीच्या बत्तीस हजारवालीचं पोट दोन्ही पातळ थर चिकटवूनच केलेलं असतं. स्वस्तातलं असेल तर लोक त्याला प्लायवूड म्हणतात, महागातलं असेल तर लॅमिनेटेड मेपल. त्याचा चेहरा पडला, तेव्हा मला बरं वाटलं.

त्याचाच हा सूड असावा. मे महिन्यात त्याचा फोन आला, अनुसूयानं घेतला. त्यांच्या सोसायटीत गिटारवाल्यांचा एक क्लब आहे. रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये स्वस्त आणि महाग अशा दोन सेमी-हॉलो वाजवायच्या, मी भिंतीकडं तोंड करून बसायचं आणि कुठली कुठली ते सांगायचं. क्लब चालवणाऱ्या रणवीरनं व्हॉट्सअ‍ॅपवर माझा फोटोसुद्धा टाकला होता.

“नको म्हणून सांगा,” अनुसूया म्हणाली. “अंगात ताप आहे म्हणा.”

“नको म्हटलं तर का नको, ते विचारतील.”

“मग ते यंत्र घाला. स्वल्प केस वाढवलेत, दिसणार नाही.”

“पंधरा जण मागं उभे राहून माझ्या कानाकडंच बघणार आहेत.”

मला युक्ती सुचली होती. आवाजाची चमक मला कळणार नव्हती, पण घुमणं कळणार होतं. वाजवायला सुरुवात करण्यापूर्वी आणि थांबल्यावर, तार गप्प असताना, जी घुमेल ती स्वस्त. तीसपैकी तीस घुमल्या होत्या. इतकं सोपं होतं ते.

क्लबहाउसमध्ये एसी होता, इडल्या होत्या आणि बरमुडा घातलेली पंधरा माणसं होती. रणवीर मुंबईचा, बोलघेवडा. त्याची स्वतःची गिटार अठरा हजारांची, त्यामुळं महागड्या गिटारी हरल्या तर त्याला हवंच होतं. मला खुर्ची दिली, समोर पांढरी भिंत. मागं कुणीतरी जॅक खुपसला. मी डोळे मिटले, मान कलती केली. छातीत धडधडत होतं. ते मात्र मला स्पष्ट ऐकू येत होतं.

पहिली गिटार. वाजण्याआधीच घुंऽऽ. मला हसू आलं. मग कुणीतरी काहीतरी वाजवलं, आणि थांबल्यावर पुन्हा घुंऽऽ. दुसरी गिटार. आधी शांतता, मग वाजवणं, मग शांतता. दोन्ही वाजताना मला सारख्याच लागल्या, घोंगडीखालून वाजवल्यासारख्या.

मी उठलोसुद्धा नाही. भिंतीकडं बघतच म्हणालो, “पहिली भिकार आहे. खोकं आहे ते, गिटार नव्हे. ज्यानं घेतली त्याला दुकानदारानं उल्लू बनवलंय. दुसरी खरी. दुसरीत लाकूड बोलतं.”

लाकूड बोलतं. हे मी म्हणालो.

मागं कुणी बोलेना, किंवा बोलत असतील तर मला कळत नव्हतं. मी वळलो. वीणा उभी होती. दोन्ही गिटारी तिनंच वाजवल्या होत्या. तिच्या गळ्यात तिची बत्तीस हजारवाली होती, म्हणजे दुसरी वाजलेली. पहिली, साडेचार लाखांची, स्टँडवर होती, आणि तिच्याशेजारी तनय, कानापर्यंत लाल. जी मी उघडून दोन दिवस दुरुस्त केली होती ती गप्प होती. जी मला उघडू दिली नव्हती ती घुमत होती. माझ्याच हातानं माझे कान कापले होते.

आता संपलं, असं मला वाटलं. आणि खरं सांगतो, थोडं हलकंही वाटलं.

पण रणवीर टाळ्या वाजवायला लागला. “बॉस, काय मारलंय! काकांना सगळं कळलं होतं. मुद्दाम उलटं सांगितलं. मेसेज समजला का? प्राइस टॅग इज नथिंग!” सगळे टाळ्या वाजवायला लागले. एकानं व्हिडिओ काढला. या लोकांना दोन दुणे पाच सांगितलं तरी त्यात मेसेज सापडेल.

“नाही,” मी म्हणालो. “मला कळलं नाही. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत. तीन वर्षं झाली. मी नुसतं घुमणं ऐकत होतो.”

ते खदखदून हसले. “काका, यू आर टू मच,” रणवीर म्हणाला. मी पुन्हा सांगितलं, डॉक्टरच्या कागदाचंही सांगितलं. ते आणखी हसले. आयुष्यात पहिल्यांदा मी या माणसांशी खरं बोललो होतो आणि त्यांना तो माझा खडूसपणाच वाटला. चौदा वर्षं मीच त्यांना ती सवय लावली होती.

वीणा हसली नाही. ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली, तोंड मला दिसेल अशी, आणि सावकाश म्हणाली, “काका, मग मार्चमध्ये माझ्या गिटारला आवाज नाही म्हणालात, ते?”

“किंमत बघून म्हणालो.”

“मी महिनाभर हात लावला नव्हता तिला,” ती म्हणाली. “रागानं नाही हं. मला वाटलं, तुम्हाला ऐकू आलंय म्हणजे असणारच.”

तिनं रागावायला हवं होतं. राग मला परतवता येतो. ती गिटार गळ्यातून काढून पिशवीत ठेवायला लागली.

तेवढ्यात रणवीरनं त्याची अठरा हजारवाली माझ्या हातात दिली. “काका, एकदा टकटक. प्लीज. सगळ्यांना बघायचंय.” तो बत्तीस दात दाखवत होता, पण डोळे घाबरलेले होते. त्याच्यामागं आणखी पाच-सहा जण आपापल्या गिटारी घेऊन रांगेत उभे राहिले होते. तनयही होता, शेवटी, मखमलीची पेटी छातीशी धरून.

गिटार परत द्यायची आणि घरी जायचं, एवढंच करायचं होतं. मी ती पालथी केली. मधल्या बोटानं तीनदा टकटक केलं. मान आपोआप कलती झाली. बोटाला लाकडाचा धक्का कळला, बाकी काही नाही.

“आवाज आहे,” मी म्हणालो.

रणवीरनं मला मिठी मारली. खोलीभर टाळ्या झाल्या. ज्यांना इतकी वर्षं मी गाढवं म्हणत आलो त्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. फक्त वीणा पिशवीची चेन लावून, माझ्याकडं न बघता, दाराकडं चालली होती. मी पुढची गिटार घेतली.