काळदरीचं सुतक

"भाई, ही नवरी चालतेय की मुडदा उठून निघालाय?"

रिम्शा पुटपुटली ती स्वतःशीच. पण मी चहाचे कप घेऊन तिच्या पाठीशी उभी होते, त्यामुळे मला ते तिच्या भावाच्या आधी ऐकू आलं. कामरानने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. समोर कॉम्प्युटरवर हेमकांत पाटलांच्या मुलीची लग्नपत्रिका चालू होती, हल्ली मोबाइलवर पाठवतात तसली, हलणारी. झेंडूच्या तोरणाखालून नवरी येत होती. डावा पाय टाकायची, उजवा फरफटत ओढायची, आणि मान एका खांद्यावर कललेली.

"राणीचे पाय लावलेस ना परत?" रिम्शाने आता मोठ्याने विचारलं.

"ती चाल चांगली आहे," कामरान म्हणाला. "वजन आहे तिला."

"नवरीला?"

"चालीला गं!"

कोपऱ्यात स्टीफन चित्र रंगवत बसला होता. ते पाय त्यानेच काढलेले होते, पण नवरीसाठी नाही. एका मेलेल्या राणीसाठी.

खांडबाऱ्याला स्टेशनच्या रस्त्यावर माझी पिठाची गिरणी आहे आणि गिरणीवर माळा आहे. स्टीफन माझ्या बहिणीचा मुलगा. कामरान आणि त्याची धाकटी बहीण रिम्शा रोज नंदुरबारहून गाडीने येतात आणि तिघं मिळून त्या माळ्यावर कॉम्प्युटरचे खेळ बनवतात. बनवतात असं आपलं म्हणायचं. पुरा बनलेला खेळ मी अजून पाहिलेला नाही. बनता बनता मेलेला एक पाहिलाय, आणि त्याचंच हे सगळं आहे.

त्याचं नाव 'काळदरी'. पुण्याच्या एका कंपनीने या पोरांना काम दिलं होतं. गोष्ट अशी की एका मेलेल्या राणीने सूर्य गिळलाय, आणि एक माणूस हातात कंदील घेऊन तिला शोधायला दरीत उतरतोय. सगळं काळं, राखाडी, ओलं. हिरवा रंग वापरायला कामरानने बंदी केली होती. राणीचा श्वास म्हणजे माझी गिरणी, ज्वारी दळतानाची. गव्हाचा आवाजही घेऊन पाहिला होता, पण तो कामरानला पसंत पडला नाही. म्हणाला, "मावशी, गहू फार प्रेमळ वाटतो."

दोन वर्षं पोरं राबली. मग एके दिवशी पुण्याहून फोन आला, की कंपनीने आपली दिशा बदलली आहे. म्हणजे काय ते मला कळेना. रिम्शाने सांगितलं, "म्हणजे खेळ बंद, मावशी."

आमच्याकडे माणूस गेला की लोक दारावर बसायला येतात, आणि दारावर बसलं की गेलेल्याबद्दल चांगलंच बोलायचं असतं. जन्मभर दुसऱ्याचा बांध कोरत आलेला माणूसही त्या दिवशी देवमाणूस होतो. यात गैर काही नाही, मेलेला काही ऐकून सुधारणार नसतो. पण हा मान एका खेळाला मिळालेला मी पहिल्यांदाच पाहिला. कामरान चार दिवस जेवला नाही, तेव्हा त्याची आई सुरैय्याबाजी घाबरली आणि तिने नातेवाइकांना निरोप धाडले. लोक आले, चहा झाला. त्याचे दाऊदचाचा टायरचे व्यापारी. त्यांना एकदा जबरदस्तीने काळदरी खेळायला बसवलं होतं. ते बराच वेळ कपाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "वातावरण… काय वातावरण होतं बेटा!"

झालं. तो शब्द सगळ्यांना सापडला. काळदरीचा विषय निघाला की 'वातावरण' म्हणायचं आणि मान हलवायची. मीही हलवली. मीही एकदा खेळले होते. कंदीलवाला चालायला लागला आणि खाली गिऱ्हाईक आलं म्हणून मी उठले. बाजरी दळली, डबा भरून दिला, गिऱ्हाइकाच्या सुनेची चौकशी केली, वर आले. तो चालतच होता.

आम्हा ख्रिश्चनांत सुतक नसतं. कामरानकडे तीन दिवसांत आवरतात. काळदरीचं मात्र तिसरं वर्ष लागलं तरी फिटेना. वारलेलं माणूस एका जागी पुरता तरी येतं; हा खेळ कॉम्प्युटरमध्ये सुट्टा होऊन पडला होता, डोंगर वेगळे, धुकं वेगळं, पाय वेगळे, आणि नवीन काम आलं की कामरान त्यातलं काहीतरी उचलायचा. वाया कशाला घालवायचं, हे त्याचं म्हणणं. पण मी गिरणीवाली आहे. आधी मिरची दळली असेल तर पुढच्याचं पीठ काय चवीचं निघतं, मला ठाऊक आहे.

नंदुरबारच्या रूपचंदशेठना त्यांच्या मिरचीची जाहिरात हवी होती. लाल मिरच्यांचे ते मैलभर पसरलेले सडे या पोरांनी सुंदर दाखवले, आणि वरून काळदरीचं धुकं सोडलं. शेठ दोनदा बघून म्हणाले, "भो, मिरच्या खळामा सुकाडी ऱ्हायनात का मसनवटामा?"

नाताळात आमच्या चर्चसाठी फिल्म केली. मेंढपाळ हातात कंदील घेऊन बाळ येशूच्या दर्शनाला निघतो. कंदील ओळखीचा होता, चालही ओळखीची होती. तो मेंढपाळ गव्हाणीपाशी पोचायच्या आत मंडळी जेवायला उठली. पाळकसाहेब तेवढे शेवटपर्यंत बसले. त्यांचा तो धर्मच आहे.

आणि आता ही नवरी. संध्याकाळी हेमकांत पाटलांचा फोन आला. आवाज एवढा की रिम्शाने मोबाइल कानापासून लांब धरला तरी खाली जात्यापाशी मला ऐकू आला. "मन्ही आंडेर, मन्ही पोर लंगडी शे का रे? सासरना लोके काय म्हनतीन?"

रिम्शाने माफी मागितली. हे काम नेहमी तिच्याकडेच असतं.

त्याच संध्याकाळी स्टीफन खाली येऊन पोत्यावर बसला. आमच्या घरच्या बोलीत म्हणाला, "मावशी, सुरतेहून पुन्हा विचारणा आलीय. साड्यांच्या डिझाइनची. कॉम्प्युटरवरच काढायच्या."

"मग?"

"मोलगीचं काम झालं तर थांबतो. नाही झालं तर सोमवारच्या गाडीने जातो."

"कामरानला सांगितलंस?"

"सांगितलं. तो म्हणाला, काळदरीसारखं काम तुला साड्यांत मिळणार नाही."

"खरंच आहे ते," मी म्हणाले, आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघायचं टाळलं.

मला पोर जायला नको होतं. आणि कामरानसाठीही नको होतं. स्टीफन गेला की माळ्यावर कामरान आणि त्याचं दुःख एवढेच उरणार, आणि त्या दोघांनाही चित्र काढता येत नाही.

मोलगीचं काम असं होतं. एका संस्थेला डोंगरातल्या शाळांसाठी मोजणी शिकवणारा खेळ हवा होता. झाडाखाली आंबे पडतात, मुलांनी ते मोजून टोपलीत भरायचे. तिथली पोरं आमचुरासाठी आंबे वेचतच वाढतात, तेव्हा कल्पना चांगली होती, रिम्शाची होती. मोलगीच्या आश्रमशाळेचे दलसिंग गुरुजी मुलांना खेळवून बघणार आणि हो-नाही संस्थेला कळवणार, असं ठरलं होतं.

मला आमचूर आणायचंच होतं, म्हणून मीही जीपमध्ये बसले. अक्कलकुव्यानंतर घाट लागला. कामरान पुढे बसून खिडकीतून खोल दऱ्या बघत होता, आणि दर वळणावर मागे वळून स्टीफनला म्हणत होता, "बघ, बघ. अगदी आपल्यासारखी आहे." जसं काही सातपुड्यानेच त्याची नक्कल केली होती.

शाळेत गुरुजींनी मुलांना सतरंजीवर बसवलं आणि पाच-सहा मोबाइल वाटले. खेळ सुरू झाला. मी मुलांच्या मागून डोकावले. दरी! काळ्या दरीला हिरवा रंग मारला होता, कंदीलवाल्याच्या हातात कंदिलाऐवजी टोपली दिली होती, आणि तो निघाला होता. आंब्याचं झाड दरीच्या पार त्या टोकाला. मागे माझी गिरणी ज्वारी दळत होती, वारा म्हणून.

मुलं गुणी होती. बराच वेळ त्यांनी त्याला चालवलं. मग एकाने त्याला खडकावर आपटून पाहिलं. तो "आह!" म्हणाला. सगळी वाकून बघायला लागली, आणि मग प्रत्येकाने आपापला माणूस खडकावर आपटायला घेतला. आह, आह, आह! वर्ग हसून लोळला. कामरानने माझ्याकडे अभिमानाने बघितलं. मी दरवाजाकडे बघितलं.

आपटून झाल्यावर तेही संपलं. एक झिपरी मुलगी होती, चांगली चुणचुणीत. तिने मोबाइल शेजारच्या लहान भावाच्या हातात दिला आणि त्यांच्या बोलीत काहीतरी बजावून सरळ अंगणात खेळायला पळाली.

"काय म्हणाली?" रिम्शाने गुरुजींना विचारलं.

गुरुजी घुटमळले. "म्हणाली, तू चालव… आंबा आला की मला हाक मार."

भावाने थोडा वेळ इमानाने चालवलं. मग त्यालाही डुलकी लागली.

दलसिंग गुरुजी मोठा सभ्य माणूस. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "मेहनत खूप दिसते. आणि… वातावरण छान आहे."

रिम्शाने डोळे मिटून घेतले. टायरवाल्या चाचांचा शब्द घाट चढून मोलगीपर्यंत पोचला होता.

"आता मुलं जेवायला जातील," गुरुजी म्हणाले. "जेवून आली की अजून एकदा बघू. तुम्हाला काही कमी-जास्त करायचं असेल तर करून घ्या. त्यानंतर मात्र मला कळवावं लागेल."

आम्ही बाजारात भज्यांच्या दुकानासमोर बाकड्यावर येऊन बसलो. बाजार फुल्ल भरला होता. टोपल्या, कोंबड्या, जीपवाल्यांच्या हाका.  स्टीफनने लॅपटॉप मांडीवर उघडला.

"दरी काढून टाकली तर," तो म्हणाला, "उघडल्या उघडल्या झाडच येईल. आंबे लगेच पडायला लागतील."

"आणि मग खेळाला राहील काय?" कामरानने विचारलं.

"आंबे."

"आंबे तर बाजारातपण मिळतात. दरी पार करून जो आंबा मिळतो ना, त्याची किंमत कळते. काळदरीत आपण तेच केलं होतं."

"हो. काळदरीत केलं होतं," स्टीफन म्हणाला.

"भाई," रिम्शा म्हणाली, "मुलगी उठून गेली."

"लहान आहे ती. तिला काय समजस?" कामरान चिडला की अहिराणीत शिरतो. "लगेच मजा यायला ती काय जत्रा शे? मावशी, तुम्हीच सांगा. तुम्ही काळदरी खेळलाय."

तिघंही माझ्याकडे बघायला लागली. माझ्या तोंडात गरम भजं होतं आणि त्याबद्दल मी देवाचे मनापासून आभार मानले. गिळून झाल्यावर मी म्हणाले, "राणीचा श्वास छान होता."

"तो तुमच्या गिरणीचा होता."

"म्हणून तर."

स्टीफन खाली मान घालून हसला. मग हसू आवरून म्हणाला, "दरी चांगलीच आहे, कामरान. दरीबद्दल कोणी काही म्हणत नाही. पण सोमवारी मला गाडी धरायची की नाही, तेवढं सांग. काढून टाकू का?"

कामरानने बाजाराकडे तोंड फिरवलं. समोर एक म्हातारी आमचुराचा ढीग करून बसली होती आणि तिची नात पाटीतल्या फोडी मोजून मोजून फडक्यावर टाकत होती, चुकली की परत पहिल्यापासून, खुशीत. तो तिच्याकडे बघत राहिला. शाळेच्या बाजूने थाळ्या घासल्याचा आवाज यायला लागला, म्हणजे जेवणं उरकत आली होती.

"स्टीफन," तो एकदम म्हणाला, "तू राणीला भेटलास कधी?"

"मीच काढलीय तिला."

"काढलीस. खेळता खेळता भेटलास का? दरी उतरून, तिच्या दरवाज्यापर्यंत?"

स्टीफनने लॅपटॉपवरची धूळ पुसली. धूळ नव्हती.

"रिम्शा, तू?"

"माझा मोबाइल… तेव्हा जुना होता ना, भाई."

"मावशी?"

"मला गिऱ्हाईक आलं होतं रे."

"दोन वर्षं?"

 मी त्याच्यापुढे भज्यांचा कागद सरकवला. त्याने एक उचललं, पण खाल्लं नाही. नुसतं हातात धरून बसला, आणि ऐकू येईल न येईल अशा आवाजात म्हणाला,

"मीपण नाही भेटलो. दर वेळी अर्ध्या दरीत कंटाळून बंद करायचो. कंटाळवाणा होता यार आपला खेळ."