गंगीचं जोडवं

गंगीनं त्या दिवशी अंगण तीनदा झाडलं. पहिल्यांदा झाडलं ते झाडायचं होतं म्हणून, दुसऱ्यांदा पानं पडली म्हणून, आणि तिसऱ्यांदा कशाला ते तिचं तिलाच ठाऊक. हात रिकामे राहिले की संध्याकाळ आठवायची.

मळवली स्टेशनाच्या मागं मुंबईच्या एका साहेबांचा बंगला होता. तो गंगी आणि तिचा नवरा शिदू राखायचे. बागेला पाणी घाला, खिडक्या पुसा, साहेब आले की चहा-जेवणाचं बघा. त्यांचं स्वतःचं घर मात्र वर, लोहगडाच्या पायथ्याच्या वाडीत, सासूसासऱ्यांजवळ. यंदा साहेबांनी बंगल्यात टीव्ही आणून ठेवला होता. लाकडी पेटी, तिला सरकतं दार, आणि वर गच्चीत लोखंडी नळीला तारेनं बांधलेला सांगाडा. त्याला एरियल म्हणायचं. त्याचं तोंड सिंहगडाकडं असलं की चित्र, जरा इकडंतिकडं झालं की नुसत्या मुंग्या.

आणि आज सव्वासातला त्या पेटीत गंगी नाचणार होती. नवऱ्याबरोबर!

हे झालं कसं ते ऐका. साहेबांच्या बहिणीनं गेल्या हिवाळ्यात वाडीतला नाच बघितला आणि बाई हट्टालाच पेटल्या. मुंबईला टीव्हीवर जोड्यांच्या नाचाची स्पर्धा आहे, नवराबायकोनं मिळून नाचायचं, तुम्ही दोघं जायचंच. आता वाडीच्या नाचात जोडीबिडी काही नसते हो. बायांची ओळ वेगळी, गड्यांची वेगळी, मधे ढोल. नवरा चुकून बायकोच्या समोर आलाच तर मान फिरवून पुढं सरकतो. थोरामोठ्यांच्या देखत बायकोच्या अंगाला हात लावायचा? शिव शिव!

सासू सारजाबाईनं तर ऐकताक्षणी कपाळावर हात मारला. "नवराबायकूनं समोरासमोर नाचायचं? मग लाज काय हितं खुंटीला टांगून जायची का?"

सासरा जानू दोन दिवस नुसता ढोलाच्या दोऱ्या आवळत बसला. वाडीचा ढोल चाळीस वर्षं त्याच्या गळ्यात. आता हात कापायला लागला होता, म्हणून यंदा दसऱ्याला तो ढोल शिदूच्या गळ्यात घालणार, हे साऱ्या वाडीला ठाऊक होतं. पण म्हातारा महाकडक. मारुती नावाचा एक गडी नाचता नाचता आपल्या बायकोकडं बघून हसला, तर म्हाताऱ्यानं त्याला ओळीतनं बाहेर काढला. पाच वर्षं झाली, अजून घेतला नाही. तिसऱ्या दिवशी म्हातारा म्हणाला, "जावा. पर आब राखा. ढोलाम्होरं माणसानं वाकायचं त्ये देवाला. दुसऱ्या कुणाला न्हाई."

गेले. ढोल वाजवायला शिदूचा चुलतभाऊ कोंडू बरोबर गेला. आणि तिथं, त्या दिव्यांच्या उजेडात, आरशासारख्या गुळगुळीत फरशीवर, नाच अर्ध्यावर आला असताना गंगीच्या पायाच्या बोटातलं जोडवं निसटलं. टण्ण करून उडालं ते पार शिदूच्या पायाशी जाऊन पडलं. गंगीच्या तोंडचं पाणीच पळालं. सवाष्णीचं जोडवं, भर नाचात! पाय जागच्या जागी खिळले. शिदूनं काय करावं? ताल न सोडता जोडवं उचललं, तिच्यासमोर एक गुडघा टेकला, तिचा पाय हातात घेतला, जोडवं बोटात घातलं, आणि उठून पुढचं पाऊल टाकलं.

ढोलाच्या समोर. बायकोच्या पायाशी.

तिथं काय, कोण ओळखीचं? लोकांनी टाळ्या वाजवल्या. नंबर काही आला नाही, भिंतीवरचं घड्याळ मिळालं. परतीच्या गाडीत गंगीनं दोघांना शपथ घातली की हे वाडीत सांगायचं नाही. टीव्हीवाल्यांनी नाचाची फीत घेतली म्हणजे फोटो काढल्यासारखं असेल, असंच तिच्या डोक्यात. फोटोत माणूस ताठ उभं असतं. कोण वाकलं, कोण बसलं, ते त्यात कुठलं यायला?

मग साहेबांचं पत्र आलं. गुरुवारी दाखवणार, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळ्या वाडीला बंगल्यावर बोलवा. चौथी पास झालेल्या कोंडूनंच ते देवळासमोर मोठ्यांदा वाचून दाखवलं, मेल्यानं!

सहाच्या सुमाराला माणसं डोंगर उतरून आली. सारजाबाई टीव्हीच्या पुढ्यातच बसली, मांडी घालून, लुगडं गुडघ्यावर खोचून. तिच्या डाव्या पायाच्या बोटात जोडव्याच्या जागी काळा दोरा होता. तिचं जोडवं ऐन जवानीत भातलावणीच्या चिखलात गेलं होतं. दिवस मावळेपर्यंत एकटीनं चिखल उपसला होता बाईनं. ही गोष्ट ती लेकीसुनांना नेहमी सांगायची, आणि इतकीच सांगायची.

जानू भिंतीला टेकून बसला. कोंडू दारात. शिदूनं पेटीचं दार सरकवून बटण दाबलं आणि आपण मागं, खिडकीशी उभा राहिला. गंगी बसली, उठली, तांब्या भरून आणला, परत बसली. कोणी पाणी मागितलंच नव्हतं.

"अगं, बूड टेक की जरा," शेजारची सरुबाई म्हणाली. "टीव्हीत नाचणारी बाई अशी का करती? पायात नाच आत्तापास्नंच आला का काय?"

बाया हसल्या. गंगीही हसली, पण नजर म्हाताऱ्यावर होती.

पहिली जोडी कोळ्यांची आली, हातात वल्ही घेऊन. बरी नाचली. दुसरी पुण्याची, शिकून तयार झालेली. बाईच्या अंबाड्यावर हा एवढा गजरा आणि नवरा ओठातल्या ओठात पावलं मोजतोय. जानूनं बघितलं आणि नाक मुरडलं. "ह्याचा पाय भुईला लागतुय कुटं? नुस्ता वरच्या वर चाललाय."

"आबा, थांबा की," दारातनं कोंडू म्हणाला. "म्होरं मज्जा हाय."

गंगीनं त्याच्याकडं असं बघितलं की दुसरा कोणी असता तर जळून गेला असता. कोंडू आपला मिशीत हसतोय! शपथ मोडायची नाही, पण पोटात मावतही नाही, असलं ते माणूस.

तेवढ्यात वारा सुटला आणि चित्र हललं. पुण्याच्या बाईचं डोकं एकीकडं, धड एकीकडं.

"मी बघते," म्हणून गंगी उठली. कोणी नको म्हणायच्या आत ती मागच्या अंगणात होती आणि पदर खोचून लोखंडी शिडी चढत होती.

गच्चीवर शेवाळ धरलं होतं. पलीकडं भाताची खाचरं हिरवीगार, त्यावर संध्याकाळ उतरत होती. तिला बघायला सवड कुठली? एरियल तारेनं नळीला बांधलं होतं. तिनं तारेचा पीळ सोडला, सांगाडा दोन्ही हातांनी धरला आणि गर्रकन फिरवला. सिंहगडाकडचं तोंड लोहगडाकडं झालं. खाली एकच ओरडा झाला.

"गेलं! गेलं!"

"अगं, मुंग्या आल्या गं!"

"गंगे, फिरीव! तुमचं नाव पुकारलंय!"

गंगी हलली नाही. चार-पाच मिनिटांचा तर नाच. तेवढा वेळ मुंग्या राहिल्या की सुटलो. मग म्हातारा दसऱ्याला ढोल देईल, सासू तोंड भरून घड्याळाचं कौतुक सांगत फिरेल, आणि बायकोच्या पाया पडणारा म्हणून शिदूला कोणी जन्मभर चिडवणार नाही. तिच्या हातून जोडवं सुटलं, त्याचं खापर त्याच्या डोक्यावर फुटायला नको. बास.

शिडी वाजली. शिदूचं डोकं गच्चीच्या कठड्यावर आलं. त्यानं सुटलेली तार बघितली आणि त्याला सगळं कळलं.

"फिरीव," तो म्हणाला.

"न्हाई."

"गंगे, येळ न्हाई. फिरीव."

"म्हाताऱ्यानं बघितलं तर ढोल जाईल तुमचा! मारुतीचं काय झालं, इसरलात? तो नुस्ता हसला व्हता. तुमी तर पाय धरलाय माजा. लोक काय म्हनतील?"

"म्हनू दे."

"तुमाला काय, तुमी म्हनाल. माज्यापायी झालं ह्ये. माजा जीव हितं टांगणीला लागलाय आन् तुमाला टीव्ही बघायचाय व्हय?"

"व्हय, बघायचाय," शिदू म्हणाला. त्याचा आवाज एकदम खाली आला. "आगं, नाचताना मी तुज्या पायाकडंच बघत व्हतो. ताल चुकू ने म्हून. तू कशी दिसलीस त्ये मी बघितलंच न्हाई. लगीन झाल्याला सात वरसं झाली, तुला नाचताना मी कवा बघितलं? ओळीत मान फिरवून तर जातो. एकदा तरी बघू दे की मला."

असं तो कधी बोलला नव्हता. खाली माणसं बोंबलत होती, आणि हा बाबा शिडीवर लोंबकळून असलं काही बोलत होता. तिला त्याचा रागही आला आणि रडूही आलं.

"जावा खाली," ती म्हणाली. "पळा."

तिनं सांगाडा परत सिंहगडाकडं फिरवला.

"आलं! आलं!" खालून ओरडा झाला. "थांब, थांब! आता हलू नगं!"

तार सुटलेली, हात काढला की सांगाडा कलंडणार. म्हणजे नाच संपेस्तोवर गंगीला तिथंच उभं राहावं लागणार होतं. खाली सारी वाडी तिला बघत होती आणि ती एकटी गच्चीवर लोखंड धरून उभी. हातांना रग लागली. बोटं सुटतील की काय असं वाटायला लागलं, तसं तिनं सांगाडा छातीशी धरला. पेटीतला कोंडूचा ढोल तिला ऐकू येत होता. तालावरून तिला कळत होतं कुठं आलंय ते: ही पहिली फेरी, ही गिरकी, हे मागं सरकणं. आता हात वर. आता...

ढोल वाजत राहिला, पण खालची माणसं गप्प झाली. खोकणंसुद्धा थांबलं. गंगीनं डोळे गच्च मिटले. अजूनही हात सोडता आला असता. तिनं सोडला नाही.

ढोल थांबला, पेटीतल्या टाळ्या वाजल्या, आणि मग सरुबाईचा आवाज आला, चांगला खणखणीत. "आगं बया! बायकूच्या पाया पडला की हो शिदूभाऊ!"

फस्सकन हसणं फुटलं.

"ए सरे, गप बस!" हा आवाज सारजाबाईचा. "पाया पडला न्हाई, जोडवं घातलं त्यानं. डोळं फुटलं का तुजं?" आणि मग, जराही न थांबता, "आन् तुमी वो? तिकडं भिताडाकडं काय बघताय? माजं जोडवं चिखलात गेलं तवा तुमी बांदावर बसून इडी वडत व्हता. मी इचारलं, जरा हात लावता का, तर म्हनलासा, बाईमानसाच्या पायातलं गडीमानसानं हुडकत्यात व्हय! तवापास्नं दोरा बांधून फिरतीय मी."

आता जे हसू फुटलं ते शिदूला नव्हतं. जानूला हसायची वाडीत कोणाची छाती नव्हती; आज सगळेच हसले, बायाही, गडीही. गंगी गच्चीवर दगडासारखी उभी. आता म्हातारा उठणार, काठी आपटणार आणि निघून जाणार. ढोल गेला!

हसणं विरलं.

"शिद्या," जानूचा आवाज आला. "गुडघा टेकलास तवा ताल कशानं धरलास?"

"मागच्या पायाच्या घुंगरानं, आबा."

"हं." म्हातारा खाकरला. "मला वाटलंच. वाकलास, पर ताल सुटला न्हाई. आमाला न्हाई जमलं कवा." मग जरा थांबून, "मारुतीला सांगा कुनी तरी, दसऱ्याला ये म्हनावं. ढोल शिद्या वाजीवणार हाय."

गंगीनं हात काढले, सांगाडा कलंडून पडला, पडेना का! खाली कोणाचा तरी ओरडा झाला, तिनं लक्ष दिलं नाही. पदरानं तोंड पुसत ती शिडीशी आली. खाली कोणीतरी शिडी धरून उभं होतं. तिला वाटलं शिदू, पण ती सारजाबाई होती.

गंगी दोन पायऱ्या उतरली आणि थांबली. वाडीतल्या पोराटोरांनीसुद्धा बघितलं होतं. फक्त तिनंच बघितलं नव्हतं, आणि ते आता परत दिसणार नव्हतं.

"आत्याबाय," तिनं विचारलं, "लय वंगाळ दिसलं का वो? मी तर नुस्ती खांबावानी हुबी व्हते. भ्याले व्हते मी."

"भ्याली व्हतीस?" सारजाबाई म्हणाली. "हसत व्हतीस की तू. त्यानं पाय हातात घेतला आन् तू अशी हसलीस, अशी हसलीस..." म्हातारीला पुढं सांगता येईना. तिनं शिडीवरचा एक हात काढून डोळ्याला लावला. "सात वरसं माज्या घरात हायस. आसं हसल्याली मी तुला कवा बघितली न्हाई गं पोरी."

गंगी तशीच शिडीवर उभी राहिली.

"उतर आता," म्हातारी म्हणाली. "दमानं उतर. पाय जपून ठेव."