डोळे उघडे असलेला फोटो

आमच्या घराण्यात कॅमेऱ्यानं दोन माणसं मारली आहेत. पहिले माझे आजोबा. आमच्या गुर्योंगपो बंदरात एक फिरता फोटोवाला आला होता, त्याच्यासमोर ते खुर्चीत ताठ बसले, डोळे उघडे ठेवले आणि बरोबर एकविसाव्या दिवशी गेले. दुसरे माझे वडील. तसाच ताठ फोटो, तसाच एकविसावा दिवस. माझी बायको ओकबून म्हणते की आजोबा ब्याण्णव वर्षांचे होते आणि फळं काढताना झाडावरून पडले, वडिलांना मासळीच्या ट्रकनं उडवलं. असेल. पण ब्याण्णवाव्या वर्षी माणसाला झाडावर चढायची बुद्धी कोणी दिली, ते काही ती सांगत नाही.

तेव्हापासून मी एक नियम पाळला. कॅमेऱ्यासमोर ताठ बसायचं नाही, आणि बसावंच लागलं तर डोळे मिटायचे. पोराच्या लग्नाच्या फोटोत मी शिंकतोय. ओळखपत्रावर माझा डावा डोळा बंद आहे. कचेरीतल्या बाईनं सतरा वेळा प्रयत्न केला, शेवटी रडकुंडीला येऊन तसाच छापून दिला. चाळीस वर्षं मी खेकड्यांच्या बोटीवर काढली. तीनदा लाटेनं समुद्रात फेकलं, एकदा व्हेलनं तोंडात घेतलं आणि चव न आवडल्यामुळं परत थुंकलं. तरी मी जिवंत आहे तो या नियमामुळं.

तर या उन्हाळ्यात, सकाळी भात जेवताना ओकबून म्हणाली, "शनिवारी ग्योंगजूला जायचंय. जेगूनं ठरवलंय. तिथं एक फोटोवाली मुलगी असते. ती दोन तास जुन्या शहरातून फिरवते आणि चांगले फोटो काढून देते."

"कशाला?"

"सहज."

एकावन्न वर्षांच्या संसारात या बाईनं एकही गोष्ट सहज केलेली नाही. माझा घास तोंडातच थांबला.

तुम्हीच बघा. आठवड्यापूर्वी पोहांगच्या इस्पितळात आमची दोघांची तपासणी झाली होती. रिपोर्ट आमच्या मुलाच्या, जेगूच्या मोबाइलवर गेले. मी विचारलं तर म्हणाला, "सगळं छान आहे बाबा." इतक्या घाईनं म्हणाला, की माझा प्रश्न अजून अर्धाच झाला होता. दुसरं म्हणजे ओकबूननं माझा काळा सूट बाहेर काढला आणि त्याला इस्त्री केली. आणि तिसरं म्हणजे अधिक महिना चालू होता.

अधिक महिन्यात देवांचं आणि भुताखेतांचं माणसांकडं लक्ष नसतं, असं आमच्याकडं मानतात. म्हणून थडगी हलवायची, म्हाताऱ्यांची शेवटची वस्त्रं शिवायची ती याच महिन्यात. आणि शेवटचा फोटोही याच महिन्यात काढून ठेवायचा, जो पुढं काळी फीत लावून फुलांच्या मधे ठेवतात. लोक त्याला दीर्घायुष्याचा फोटो म्हणतात. आधी काढून ठेवला की माणूस जास्त जगतो म्हणे. जगत असतील बाकीचे. आमच्या सोक घराण्यातले एकवीस दिवस जगतात.

ओकबूनच्या बहिणीचा असा फोटो कोणी काढून ठेवला नव्हता. वसंतात ती गेली, तेव्हा पोरांनी सहलीच्या फोटोतून तिचं तोंड कापून मोठं केलं. तिच्या खांद्यावर कुणा परक्या बाईचा हात तसाच राहिला, नखांना लाल रंग लावलेला. तीन दिवस लोक त्या हातापुढं वाकत होते.  मला वाटलं, माझ्या बाबतीत असं होऊ नये म्हणून ओकबूननं हा घाट घातलाय.

म्हणजे मी चाललो होतो, आणि हे फक्त मलाच सांगितलेलं नव्हतं.

शनिवारी आम्ही बसनं निघालो. ओकबूननं फिकट हिरवा हानबोक, आमच्याकडचा सणासुदीचा पोशाख, घातला होता, पोराच्या लग्नातला. "एवढ्या उन्हात मला काळा सूट का?" मी विचारलं.

"दुसरा सूट आहे कुठं तुमच्याकडं?"

ग्योंगजूच्या, जुन्या राजांच्या थडग्यांच्या बागेच्या दारात ती फोटोवाली उभी होती. ग्वाक नारे. तिशीची असेल. टोपी काळी, सदरा काळा, बूट काळे, कॅमेरा काळा. मी अंत्ययात्रेत सुद्धा इतकं काळं पाहिलेलं नाही.

"सोक आजोबा ना? म्हणजे गोष्टीतल्या त्या अंड्यातून निघालेल्या सोक राजाचे वंशज!"

"हो," मी म्हणालो, "आणि मला परत अंड्यात जायचंय."

ती खळखळून हसली. यमदूत इतकं गोड हसत असतील असं मला वाटलं नव्हतं.

"आधी सगळ्यात लोकप्रिय जागी जाऊ या," म्हणाली, आणि आम्हाला घेऊन गेली ती थेट दोन थडग्यांच्या मधे. डावीकडं टेकडीएवढं एक हिरवं थडगं, उजवीकडं दुसरं, मधे एक झाड, आणि तिथं उभं राहायला भाड्याचे रंगीत कपडे घातलेल्या पोरापोरींची रांग. मरणाच्या तोंडाशी रांग लावून, खिदळत, हातात बर्फाचा चहा घेऊन उभी होती पोरं. झाडावर उन्हाळी किडे नुसते कोकलत होते.

आमचा नंबर आला.

"आजोबा, खांदे सरळ. हनुवटी थोडी खाली. इकडं बघा. वा! डोळे फार छान आहेत तुमचे."

मी डोळे मिटले.

"आजोबा, डोळे."

मी एक उघडला.

"दोन्ही!"

मी शिंकलो. मग जीभ बाहेर काढली. मग बुटाची नाडी बांधायला वाकलो.

"तुमच्या बुटाला नाडी नाहीये," ओकबून दातांवर दात ठेवून म्हणाली. "लहान पोर आहात का? मागं माणसं खोळंबलीत."

"खोळंबू देत. ती तरुण आहेत, त्यांच्याकडं वेळ आहे."

हे बोलताना माझा आवाज फाटला. ओकबूननं माझ्याकडं चमकून पाहिलं आणि पटकन मान फिरवली. मला तेवढं पुरलं.

नारेनं आम्हाला पुरण भरलेले गरम पाव खायला दिले आणि झाडाच्या सावलीत बसवलं. मी पाणी प्यायला नळाकडं गेलो. परत येताना थडग्याच्या वळणाआड मला त्यांचं बोलणं ऐकू आलं. माझे कान बोटीवरचे आहेत, धुक्यात चार मैलांवरचा भोंगा ओळखतात.

"आणि तो साधा, छातीपर्यंतचा," नारे हळू आवाजात विचारत होती, "मागं नुसता राखाडी कपडा धरून. तो शेवटी घेऊ या ना?"

"हो. पण यांना कळू देऊ नकोस हं, पोरी. फार घाबरट आहेत."

माझ्या हातातला पाव खाली पडला.  मी पळालो. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस काळ्या सुटात असा पळाला, की माझी सावली मागं राहिली आणि पुढच्या वळणावर धापा टाकत मला येऊन मिळाली. एक थडगं, दुसरं थडगं, तिसरं. त्या बागेत कुठंही पळा, समोर थडगंच येतं. शेवटी एक अंधारं दार दिसलं. आत थंडगार होतं. मी शिरलो आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिलो.

डोळे अंधाराला सरावले तेव्हा कळलं. ते थडगंच होतं. लोकांना बघता यावं म्हणून आतून उघडून ठेवलेलं. समोर काचेपलीकडं लाकडी शवपेटीची जागा, सोन्याचा मुकुट, कमरपट्टा, सगळं जिथल्या तिथं मांडलेलं. फक्त राजा नव्हता. जागा रिकामी होती, साधारण माझ्या मापाची.

मी जेगूला फोन लावला.

"बाबा? आहात कुठं तुम्ही? आईचा आत्ताच फोन आला—"

"थडग्यात."

"काय?"

"थडग्यात आहे मी. तुम्ही पाठवायच्या आधीच आलो. आता खरं सांग. किती दिवस आहेत माझे?"

"कसले दिवस?"

"जेगू, बापाशी खोटं बोलू नकोस. मी बापाशी किती खोटं बोलायचो, मला कळतं."

 तिकडं माझा पोरगा, पन्नाशीला आलेला माणूस, नाक ओढायला लागला.

"तुम्हाला काही झालेलं नाही बाबा. तुमचं हृदय घोड्याचं आहे, डॉक्टर म्हणाले. आईचं आहे. हृदयाची झडप. मंगळवारी दैगूला ऑपरेशन. तिनं मला शपथ घातली होती, की सोमवार संध्याकाळपर्यंत तुम्हाला सांगायचं नाही. म्हणाली, त्यांची झोप उडेल आणि मग माझीही उडेल."

"मग हा फोटो?"

"तिचाच आहे. मावशीसारखं नको म्हणाली. परका हात नको खांद्यावर. म्हणाली, अधिक महिना आहे, काढून ठेवला तर वाचेनही. शंभरातले नव्वद लोक नीट घरी जातात बाबा, डॉक्टर—"

उरलेले दहा मला लगेच दिसायला लागले. त्या काचेपलीकडं एका रांगेत उभे होते, आणि त्यातल्या दहाव्या बाईच्या अंगावर फिकट हिरवा हानबोक होता.

आत शिरताना मी माझ्या जिवासाठी भीत होतो. ती भीती मला ओळखीची होती, लाटेत असते तशी. ही दुसरी मला ठाऊकच नव्हती.  घरी परत गेल्यावर मंगळवारनंतर स्वयंपाकघरात कोणाचाच आवाज नसेल, हे मला तिथं उभ्याउभ्या ऐकू आलं.

मी बाहेर आलो. ऊन डोळ्यांत घुसलं.

त्या दोघी बागेच्या टोकाला, लाल फुलांच्या झाडाखाली होत्या. ओकबून बाकावर बसली होती, पाठीमागं झाडाला राखाडी कपडा बांधलेला. नारे पुन्हा पुन्हा फोटो काढत होती आणि मान हलवत होती. "आजी, थोडं हसा ना. कोणी ओरडणार नाहीये तुम्हाला." ओकबून हसायचा प्रयत्न करत होती. तिची बोटं हानबोकच्या फितीला पीळ घालत होती, उलगडत होती, परत घालत होती. एकावन्न वर्षांत मी तिला घाबरलेली पाहिली नव्हती. वादळात बोट चार दिवस परतली नाही तेव्हा सुद्धा तिनं बंदरावर येऊन आधी मला शिव्याच दिल्या होत्या.

तिनं मला पाहिलं. "कुठं उलथला होतात?"

"एका राजाकडं. जागा आहे म्हणाला, पण मला आवडली नाही. सरक तिकडं."

"का?"

"आधी माझा काढायचाय."

कॅमेऱ्याचा हिशेब मला ठाऊक होता. आमच्या घराण्यात एका वेळी एकच माणूस नेतो तो. दोघांना एकदम नेल्याचं कधी ऐकलेलं नाही. जो आधी ताठ बसेल, त्याला. हे मी त्यांना समजावत बसलो नाही. नारेला सांगितलं, "साधा. छातीपर्यंतचा. मागं नुसता कपडा." ती ओकबूनकडं बघायला लागली.

मी बसलो. खांदे सरळ केले. हनुवटी थोडी खाली घेतली. कॅमेऱ्याच्या त्या काळ्या भोकात आजोबा होते, वडील होते, आणि दोघंही मला ये म्हणत होते.  घाम भुवईतून डोळ्यात उतरला, चरचरला. पापणी फडफडली. मी ती मिटू दिली नाही. दोन्ही डोळे, टक्क उघडे.

खटक.

"अजून एक," मी म्हणालो. "नीट काढ. न्यायला येणाऱ्याला ओळखू आलो पाहिजे."

मी उठलो तेव्हा ओकबून माझ्याकडं बघत होती. तिच्या तोंडावरचा रंग उतरला होता. "जेगूनं सांगितलं," ती हळूच म्हणाली.

"काय सांगितलं? काही नाही सांगितलं."

"तुम्ही डोळे उघडे ठेवलेत."

मी बाहीनं कपाळ पुसलं.  मग तिच्या ओठांचा एक कोपरा हलला. "वेडा म्हातारा," ती म्हणाली, "घामानं सूट भिजवला सगळा, आता परत इस्त्री," आणि रडता रडता हसायला लागली. नारेनं तेवढ्यात तिला माझ्या जागी बसवलं आणि तो फोटो काढला.

मंगळवारी दैगूच्या इस्पितळात मी साडेपाच तास एका प्लास्टिकच्या खुर्चीत ताठ बसून राहिलो. वाकलो तर काहीतरी बिनसेल, असं वाटत होतं. ते काही मी सांगत नाही, त्यात सांगण्यासारखं खोटं एकही नाही. ऑपरेशननंतर अकराव्या दिवशी तिला घरी आणलं.

पण माझा हिशेब अजून संपला नव्हता. फोटोपासून एकविसाव्या दिवशी पहाटेच मी आंघोळ केली, काळा सूट घातला आणि गादीवर उताणा पडून राहिलो. छातीवर हात. खिडकीतून समुद्राचा आवाज येत होता. भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. आठ वाजले. नऊ वाजले. दारात चपला सरकल्या. तिच्या हळू, एकेक पाऊल मोजून टाकलेल्या.

"काय चाललंय हे?"

"एकविसावा दिवस आहे."

ती दाराच्या चौकटीला धरून दम घेत उभी राहिली. छातीवरचा टाका दुखत असणार, हात तिथंच होता.

"मरायचं असेल तर तो सूट काढून मरा," ती म्हणाली. "आणि त्याआधी बांगडे साफ करून द्या. मला डॉक्टरांनी वाकायला मनाई केलीये."

मी उठलो. सूट काढून खुंटीला टांगला. दोन्ही फोटो कपाटावर कापडात गुंडाळून ठेवलेत, तोंडं भिंतीकडं. चाकू घेऊन पायरीवर बसलो, आणि दुपारपर्यंत दर बांगड्यागणिक एकदा मागं वळून बघत राहिलो, ती आत आहे ना म्हणून.