पडद्यावरचा धक्का

आमच्या राहात्याला समुद्र होता. माझ्या फोटो स्टुडिओत, दहा फूट बाय आठ फूट. माझे वडील विष्णुपंत, आमचे अण्णा, ड्रॉइंग मास्तर, त्यांनी कापडावर रंगवलेला. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं ते आणि आई कोकणात ज्या गावी होते, तिथला धक्का. दगडी कठडा, दिव्यांचे खांब, हवापालटाला आलेले टोपीवाले साहेब. खरा धक्का पुढे एका वादळात समुद्रानं गिळला. आईही गेली, सवाष्ण गेली. उरला हा पडदा, आणि त्यात कठड्याला टेकून उभी असलेली बोटभर आई, हिरव्या नऊवारीत.

रोज साडेचारला अण्णा समुद्रावर फिरायला यायचे. म्हणजे चपला घालून घरातून स्टुडिओत. पडद्यासमोर खुर्ची ओढून मला दम भरायचे, "रवी, पाण्याचा हात लावशील तर याद राख. सरसातला रंग आहे, तुझी आई वाहून जाईल!" गिऱ्हाईक खोळंबलं तरी म्हातारा हलत नसे. मी चरफडायचो, पण बोलायची छाती नव्हती. तेवढी एक खुर्चीच त्यांना जगवत होती.

त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात पुणतांब्याची साळूबाई मुलगा आणि नवी सून घेऊन फोटोला आली. मी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडात डोकं घातलं, फोकस नीट केला, डोकं बाहेर काढतो तो काय! नवरी माझ्याकडे पाठ करून उभी, आणि पडद्याच्या पायथ्याशी खण, नारळ, तांदूळ.

"अहो बाई, हे काय चाललंय?"

"वटी भरतोय. गोदामाय पार आटली. नव्या नवरीनं काय वाळूची वटी भरायची?"

"पण हे रंगाचं पाणी आहे!"

"मंग? देव तरी दगडाचाच असतो न्हवं?" असं म्हणून तिनं चिमूटभर कुंकू समुद्रावर उधळलं.

एवढा समुद्र पडला होता, पण कुंकू पडलं नेमकं आईच्या तोंडावर. आई पार शेंदूर फासलेल्या मारुतीसारखी दिसायला लागली. साडेचार वाजायला दहा मिनिटं होती.

"फोटो उद्या!" म्हणून मी तिघांना बाहेर काढलं. कोरड्या फडक्यानं टिपायला गेलो, तर लाल आणखीच पसरलं. शेवटी म्हटलं, मरू दे, आणि फडक्याचं टोक पाण्यात बुडवलं. तेवढ्यात मागे चपला वाजल्या.

अण्णा पुढे आले. चष्मा कपाळावर चढवून पडद्याला नाक लावलं.

"त्या अडाणी बाईनं केलं, अण्णा," मी म्हटलं. "थांबा, आत्ता पुसतो."

त्यांनी माझ्या हातावर फाडकन मारलं. फडकं भुईवर पडलं.

"गाढवा," ते ओरडले, "मी अजून जिवंत आहे, आणि तू तिचं कुंकू पुसतोस?"